‘इंटरपर्सनल कम्युनिकेशन’चे दोन क्रेडिट: घ्यावेत की सोडावेत?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत सातारा जिल्ह्यातल्या गावी मराठी माध्यमात शिकला, आता पुण्यात होस्टेलवर राहतो. या सत्रात त्याला ‘इंटरपर्सनल कम्युनिकेशन’ हा दोन क्रेडिटचा विषय निवडता येतो. मित्र म्हणतात, फुकटचे क्रेडिट आहेत, घेऊन टाक. त्याची अडचण वेगळी आहे. चारचौघांत तोंड उघडत नाही, वडिलांशी फोनवर ‘जेवलास का’च्या पुढे बोलणं जात नाही. या कोर्सने त्यात फरक पडेल का? आणि शिकवणं इंग्रजीत आहे, ते झेपेल का?

तुला सरळ ‘तू’ म्हणते. एकोणीस वर्षं हा विषय शिकवते आहे आणि समोर कायम तुझ्याच वयाची मुलं बसलेली असतात. या ‘तू’वर पुढे बोलायचंच आहे.

माझं उत्तर ‘घे’ असं आहे, पण एका अटीवर. हा कोर्स बोलायला शिकवत नाही. आपण आत्तापर्यंत कसे बोलत आलो हे तो ऐकायला लावतो. त्यामुळे तुझं स्वतःचं, खरं, घरचं बोलणं तू वर्गात नेणार असलास तर त्याचा उपयोग आहे. नाहीतर मित्र म्हणतात तेच खरं, दोन क्रेडिट मिळतील आणि विषय संपेल.

नावामुळे बऱ्याच जणांची फसगत होते. कम्युनिकेशन म्हटलं की मुलांना स्टेज, माइक आणि टाय घातलेला ट्रेनर दिसतो. तो विषय वेगळा, वक्तृत्वाचा. स्पोकन इंग्लिशचा क्लासही वेगळा. इथे माणसं दोनच किंवा फार तर चार. मित्र, रूममेट, वडील, पुढे साहेब, सासू. वर्गात सगळ्यात धीट बोलणारा मुलगा या विषयात पहिला येईल असं मुळीच नाही. उलट घुमी म्हणवली जाणारी मुलं इथे चमकताना मी पाहिली आहेत, कारण वर्षानुवर्षं गप्प बसून त्यांनी लोकांचं ऐकलेलं असतं.

अभ्यासक्रमाचा पहिला भाग कंटाळवाणा असतो, ते सहन करायची तयारी ठेव. प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, अडथळा अशी बाणांची आकृती काढून देतील. तिचं मूळ क्लॉड शॅनन या गणितज्ञाने बेल लॅब्जमध्ये असताना १९४८ साली मांडलेल्या सिद्धांतात आहे, आणि त्याच्यापुढे प्रश्न होता तारेतून संदेश न बिघडता पलीकडे कसा पोचवायचा हा. तारेसाठी आकृती उत्तम आहे. पण तुझ्या आईने ‘बरं, ठीक आहे’ म्हटलं आणि ते ठीक नव्हतं हे तुला कळलं, यातलं काहीही त्या बाणांत मावत नाही. परीक्षेपुरती पाठ कर.

खरा कोर्स सुरू होतो ऐकण्याच्या सरावापासून. मी तो असा घेते. तिघांचा गट: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. बोलणाऱ्याने दोन मिनिटं स्वतःचं काहीतरी सांगायचं. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं’ तर अजिबात म्हणायचं नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि समोरचा ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. ही युक्ती माझी नाही, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची आहे. ऐकायला सोपी वाटते. पहिल्या फेरीत जवळजवळ कुणालाच जमत नाही.

एका बॅचमधला एक गट माझ्या लक्षात राहिला आहे. एक मुलगा म्हणाला, ‘दिवाळीनंतर आम्ही म्हैस विकली. मी सुट्टीला गेलो तेव्हा गोठा रिकामा. आजीच धार काढायची.’ ऐकणारा म्हणाला, ‘पैशाची नड होती म्हणून तुम्ही म्हैस विकली.’ तो म्हणाला, नाही. ‘मग आता तुम्हाला दूध विकत घ्यावं लागतं.’ नाही. ऐकणारा वैतागला, माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलले नाही. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘म्हैस विकायचं ठरलं तेव्हा तुला कुणी विचारलं नाही.’ मुलगा म्हणाला, ‘विचारलं नाही ते जाऊ दे. सांगितलंही नाही.’ आता बघ, त्याच्या दोन मिनिटांत ‘सांगितलं नाही’ हे शब्द कुठेही नव्हते. ते ‘गेलो तेव्हा’मध्ये होते. एवढं ऐकू यायला आठवडे जातात, आणि तीस तासांतले निदान दहा यावरच जावेत असं माझं मत आहे. (दोन क्रेडिट म्हणजे थिअरीचे तीस तास. प्रात्यक्षिक असेल तर साठ.)

मी स्वतः हे फार उशिरा शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘सक्रिय श्रवण’ या विषयावर मी अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात पंचेचाळीस मिनिटं अखंड बोलले. शेवटी विचारलं, काही शंका? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, शंका नाही, पण आज ऐकलं फक्त आम्ही.’ वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

शिक्षक कसा आहे हे ओळखायची माझी एक खूण आहे. पहिल्या दोन आठवड्यांत फळ्यावर ‘७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली’ असं आलं आणि त्यावर काहीच चर्चा झाली नाही, तर सावध हो. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच लोकांना ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि पसंती-नापसंती सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनी नंतर स्पष्ट सांगितलं. तरीही ते अर्ध्या जगाच्या स्लाइडवर आहे. शब्दांना सातच टक्के किंमत असती तर कोकणी आजीशी जपानी माणसाच्या गप्पा रंगल्या असत्या. त्या स्लाइडवर जो शिक्षक ‘हे कशावरून?’ असं विचारू देतो, त्याच्याकडे खुशाल शिक.

‘जोहरी विंडो’ येईलच. दर वर्षी कुणीतरी तिचा संबंध जवाहिऱ्याशी लावतं. तसं काही नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये ती मांडली. जो आणि हॅरी मिळून जोहरी. चार चौकोन असतात. मला आणि इतरांना माहीत असलेलं, फक्त मला माहीत, फक्त इतरांना माहीत, आणि कुणालाच माहीत नसलेलं. तिसरा चौकोन कामाचा. तो भरायचा तर इतरांना विचारावं लागतं, आणि ते विचारणंच अवघड असतं. रूममेटला विचारून बघ: ‘मी चिडलो की माझ्या आधी तुला कशावरून कळतं?’ एका मुलाला उत्तर मिळालं, ‘तू मला आडनावाने हाक मारतोस.’ त्याला पत्ताच नव्हता.

अंतराचा धडाही असतो. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने मांडलेलं: दीड फुटाच्या आत जवळची माणसं, चार फुटांपर्यंत ओळखीची, बारापर्यंत कामापुरती. हे पाठ करताना एक लक्षात ठेव, हॉलची निरीक्षणं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या मध्यमवर्गीय लोकांची होती आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आपल्याकडे एसटीत तिघांच्या बाकावर चौथा ‘जरा सरका’ म्हणून टेकतो आणि वडूजपर्यंत एकमेकांच्या भाच्यांची लग्नं जुळवून होतात. परीक्षेत हॉलचे आकडे लिही, त्याखाली एसटीचं उदाहरण दे. चांगला परीक्षक खूश होतो.

आता इंग्रजीचा मुद्दा, कारण तुझी भीती तिथे आहे. पुस्तक इंग्रजी असणार, उत्तरपत्रिकाही कदाचित. तेवढं इंग्रजी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाकडे असतं. खरी अडचण पुढे येते. पुस्तकातल्या युक्त्या इंग्रजी वाक्याला बेतलेल्या असतात आणि मुलं त्या जशाच्या तशा मराठीत आणतात. दोषारोप करू नका, स्वतःची भावना सांगा, असा एक धडा आहे. थॉमस गॉर्डन यांनी तो लोकप्रिय केला. मुलं त्याचं मराठी करतात: ‘जेव्हा तू उशिरा येतोस तेव्हा मी दुखावलेपण अनुभवते.’ असं कुणी घरी बोललं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल.

गंमत अशी की हा धडा मराठीला शिकवायची गरजच नाही, तो आपल्या व्याकरणात आहे. राग मी ‘करत’ नाही, मला राग ‘येतो’. वाईट ‘वाटतं’. बोलणं ‘लागतं’. काळजीने जीव ‘टांगणीला लागतो’. रूममेट रात्री एकला आला तर ‘तुला काही अक्कल आहे का’ म्हणायच्या ऐवजी ‘फोन लागेना, जीव टांगणीला लागला होता’ म्हण. भावना सांगितली गेली, आरोप झाला नाही, आणि वाक्य आपलंच राहिलं.

याच व्याकरणाची दुसरी बाजूही बघ. ‘कप फुटला.’ ‘फॉर्म भरायचा राहिला.’ फोडणारा कोण, विसरणारा कोण, काही पत्ता नाही. मराठीत माफी न मागता सुटण्याची ही छान पळवाट आहे. ‘फॉर्म राहिला’ आणि ‘फॉर्म मी भरला नाही’ ही दोन वाक्यं आरशासमोर म्हणून बघ. दुसरं म्हणताना घसा आवळतो. माझ्या वर्गात एक आठवडा ‘राहिलं’वर बंदी असते.

तसंच ‘आपण’चं. इंग्रजीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे करता येत नाहीत, आपल्याला येतात. ‘आम्ही सिनेमाला चाललोय’ म्हटलं की समोरचा बाहेर. ‘आपण जाऊ’ म्हटलं की तो आत. पण होस्टेलवर ‘आपण खोली झाडली पाहिजे’ म्हणणारा बहुतेक वेळा ‘तू झाड’ म्हणत असतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. तू-तुम्हीचंही तेच. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपातल्या भाषांतल्या तू-तुम्हीचा अभ्यास करून दाखवलं की त्यातून दोन गोष्टी कळतात, कोण वरचढ आहे आणि कोण जवळचा आहे. आपल्याकडे ‘ए आई’ आणि ‘अहो बाबा’ एकाच घरात नांदतात. प्रकल्पाला विषय हवा असेल तर हाच घे. तुझ्या गावात कोण कुणाला काय म्हणतं, लग्नानंतर काय बदलतं, भांडणात ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी होतं. या माहितीत तुझ्या मॅडमपेक्षा तू पुढे असशील.

भाषा इतकी महत्त्वाची का, याचं एक उदाहरण मला नर्सिंगच्या मुलींनी शिकवलं. त्यांना मी काही वर्षं जाऊन शिकवत होते. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाईला ‘दुखतंय का’ विचारलं की ती ‘नाही’ म्हणते. तिच्या दृष्टीने ते खरं असतं. जखम ठणकते, दाताला कळ येते, पाठीत उसण भरते, पायांना रग लागते, पोटात मुरडा येतो, डोळे चुरचुरतात. ‘दुखणं’ यांतलं काहीच नाही. ज्या मुलीने ‘काय होतंय?’ एवढंच विचारून वाट पाहिली, तिला नेमका शब्द मिळाला आणि तिने तोच डॉक्टरांना सांगितला. डॉक्टरांनाही आता हे शिकावं लागतं: २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग सक्तीचा आहे, ‘एटकॉम’ म्हणतात त्याला. तेव्हा कुणी ‘फुकटचे क्रेडिट’ म्हणालं तर हे ऐकव.

वर्गाबाहेर करायचं काम एकच सांगते, पण ते नेमाने कर. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. उजवीकडे झालेलं बोलणं शब्दशः, डावीकडे त्या क्षणी मनात काय होतं ते. ख्रिस आर्गिरिस या संशोधकाची ही रीत. आठवड्याला एक संवाद पुरे. एका मुलाने परवानगी देऊन मला दाखवलेलं पान साधारण असं होतं. उजवीकडे: ‘मेसचे पैसे दिलेस का?’ ‘देतो रे उद्या.’ ‘बरं, काही घाई नाही.’ डावीकडे: ‘तिसरा महिना आहे. माझ्याच खिशातून जातायत. हा चेष्टा करेल म्हणून गप्प बसतोय.’ आता या दोन बाजूंत किती अंतर आहे बघ. आपण ताकाला जाऊन भांडं लपवतो, आणि मग समोरच्याला भांडं दिसलं नाही म्हणून त्याच्यावरच रुसतो. पान दाखवणाऱ्या त्या मुलाने पुढच्या आठवड्यात नुसतं एवढं म्हटलं: ‘तीन महिन्यांचे साडेसात हजार माझ्याकडून गेलेत, शनिवारपर्यंत दे.’ मिळाले. एकदम नाही, दोन हप्त्यांत.

भांडण मिटवण्याच्या पाच पद्धती, मुलाखत, ग्रुप डिस्कशन हे सगळं असेल अभ्यासक्रमात. वाचून होतं. फक्त ‘जाऊ दे’ला नुसतं टाळणं समजू नकोस. आपल्याकडे ‘जाऊ दे’ कधी माफी असते, कधी हिशेब पुढच्या खात्यावर ओढलेला असतो. कुठलं ते सूर सांगतो.

काही गोष्टी या कोर्सच्या आवाक्याबाहेर आहेत. बोलताना शब्द अडखळत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखव, वर्गातल्या सरावाने ते जात नाही आणि घाईने वाढू शकतं. चारचौघांत जायच्या विचाराने झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे जा. सरकारची ‘टेलि मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. आणि घरात किंवा नात्यात कुणी हात उगारत असेल, तर ‘नीट संवाद साधा’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नकोस. तो प्रश्न संवादाचा नसतो.

राहिले वडील. हा प्रश्न मला दर वर्षी येतो, मुलांकडून जास्त. बहुतेक घरांत आई पोस्ट ऑफिस असते. ‘त्याला सांग पैसे जपून वापर.’ ‘बाबांना सांग परीक्षा पुढे गेली.’ दोन्हीकडची पत्रं तीच वाचते, तिखट असेल तर गोड करून देते. पहिलं काम म्हणजे एक पत्र तिच्या हातात न देता थेट दे, तेही अगदी साधं. परीक्षेची तारीख चालेल.

दुसरं, समोरासमोर बसून ‘बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय’ असं म्हणू नकोस. त्यांना वाटेल नापास झालास किंवा मुलगी पळवून आणलीस. आपल्याकडचे बाप शेजारी चालताना, गाडीवर मागे बसल्यावर, मोटर चालू करायला रानात जाताना बोलतात. डोळ्याला डोळा भिडत नाही तिथे जीभ सुटते. ‘कसे आहात’ विचारू नकोस, त्याला ‘बरा आहे’शिवाय उत्तर नाही. त्यांना येतं आणि तुला येत नाही असं काहीतरी विचार. घेवड्याचा भाव यंदा का पडला. सोसायटीचं कर्ज कसं फेडतात. बीकॉमला आहेस, तुला खरंच कामाला येईल. ते बोलायला लागले की मधेच सल्ला देऊ नकोस, बँकेचे नियम सांगू नकोस. वर्गातला तिघांचा सराव आठव: ऐकलेलं एका वाक्यात परत सांग आणि गप्प राहा. पहिल्या खेपेला चार मिनिटं झाली तरी पुष्कळ.

पर्याय पक्का करण्याआधी एक कर. त्या मॅडमना किंवा सरांना भेटून तीन गोष्टी विचार: वर्गात मुलं किती, सराव मराठीत केला तर चालेल का, आणि गुण कशावर आहेत, लेखी परीक्षेवर की वहीवर आणि तोंडीवर. शंभर मुलांच्या हॉलमध्ये पीपीटी दाखवून बहुपर्यायी परीक्षा घेणार असतील तर त्या क्रेडिटला दुसरा विषय घे आणि वही तेवढी स्वतःची सुरू कर. चाळीसच्या आत मुलं असतील आणि मराठीला हरकत नसेल तर नाव घाल. आणि विचारताना हेही बघून ठेव, तू बोलत असताना ते मोबाइल उलटा ठेवतात का.